खाड्याचा नियम आणि चाळीस ओळी

पुण्यात मेसला जेवलेल्या माणसाला ‘खाडा’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. महिन्याचे पैसे आधी भरायचे, दोन्ही वेळ जेवायचं, आणि गावाला जाणार असलात तर मेस चालवणाऱ्या काकूंना आधी सांगून ठेवायचं. न जेवलेल्या दिवसांचे, म्हणजे खाड्यांचे, पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. स्पर्धा परीक्षांची मुलं जिथे राहतात त्या पेठांमधल्या बहुतेक मेसच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो: ‘सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.’

२०१८ साली मी या मेसवाल्यांसाठी ॲप काढायचं ठरवलं. माझं शिक्षण बी.कॉम. कोडिंगचा गंध नव्हता. ओळखीतून ॲप बनवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीकडे गेलो, अडीच लाखांत सौदा ठरला, पाच महिन्यांनी ॲप हातात आलं. त्यात खाड्यासाठी एक बटण होतं. दाबलं की त्या वेळचं जेवण बंद. पैशांचा हिशोब मात्र पहिल्याच महिन्यात चुकला. एका मेसला तर महिनाअखेरीला पंचवीस-तीस मुलं हातात फोन घेऊन काकूंशी भांडत उभी होती. मी कंपनीला फोन केला की एकच उत्तर यायचं, ‘सर, हे आपल्या स्कोपमध्ये नव्हतं.’ प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे पैसे. वर्षभरात पैसे संपले आणि ॲप बंद पडलं. त्या लोकांनी मला फसवलं असं मी पुढे सगळीकडे सांगत फिरलो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मेस बंद, काम बंद, म्हणून पायथॉन ही कोडिंगची भाषा शिकायला बसलो. दोन महिन्यांनी थोडं जमायला लागल्यावर म्हटलं, तो खाड्याचा हिशोब तरी स्वतः लिहून बघू. पहिली ओळ सोपी होती: सलग तीन दिवस किंवा जास्त असतील तर पैसे वजा. दुसऱ्या ओळीला अडलो. रविवारी मेसमध्ये दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी सुट्टी. मग शनिवार-रविवार-सोमवार गावाला गेलेल्या मुलाचे खाडे सहा वेळचे की पाच वेळचे? फीस्टचं ताट नेहमीच्या ताटापेक्षा महाग, तर वजा कोणत्या दराने करायचं? महिना साठ वेळचा धरायचा की त्या महिन्यात जितके दिवस असतील तितका? बारा तारखेला लागलेल्या मुलाचा महिना कुठे संपतो? दिवाळीत मेसच पाच दिवस बंद असते, तो खाडा धरायचा का? सकाळचं जेवण नको हे सकाळी नऊला सांगितलं तर चालतं, साडेनऊला सांगितलं तर?

मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. मी त्या धंद्यात दीड वर्ष काढलं होतं, अडीच लाख घातले होते, आणि ज्या एका गोष्टीवरून मुलं आणि काकू दर महिन्याला भांडतात तिचा नियम मला पाठ नव्हता. मला नव्हता म्हणून मी कंपनीला सांगितला नव्हता, आणि कंपनीतल्या ज्या मुलाने ते बटण बसवलं त्याने बिचाऱ्याने त्याच्या अंदाजाने बसवलं. दोष त्यांचाही होता, त्यांनी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तरी मी ‘बघू, काकूंना विचारून सांगतो’ एवढंच म्हटलं असतं.

कॉम्प्युटरला ‘बघू’ चालत नाही. ‘जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ असं लिहायला बसलं की त्या ‘नाहीतर’पाशी हात थांबतो, आणि आपल्याला काय ठाऊक नाही ते तिथे उघडं पडतं. स्टार्टअप काढू पाहणाऱ्याने थोडं कोडिंग शिकावं असं मी आग्रहाने सांगतो ते एवढ्यासाठी. त्याला ॲप स्वतः बनवता यावं हा हेतू नाही. आपला धंदा नेमका कसा चालतो हे स्वतःच्या तोंडाने, एकही कोपरा न सोडता सांगता यावं, यासाठी लॉकडाउनमध्ये कोडिंग शिकण्यात गेलेल्या त्या तीन महिन्यांसारखी दुसरी शिकवणी मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. जॅक मा इंग्रजीचे शिक्षक होते, त्यांना कोड लिहिता येत नव्हता, तरी त्यांनी १९९९ मध्ये चीनमध्ये अलिबाबा ही ऑनलाइन व्यापाराची कंपनी उभी केली. प्रवाशांना लोकांची घरं भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी काढणाऱ्या तिघांपैकी ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोघे डिझाइन शिकलेले. आपल्याकडचं उदाहरण यांच्याही आधीचं आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. अँटिव्हायरस लिहिला तो कॉम्प्युटर शिकलेल्या धाकट्या भावाने, संजय काटकर यांनी. १९९५ च्या सुमाराला त्यातून क्विक हील उभं राहिलं आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. मग कोडिंगची गरज कुठे आली?

ही उदाहरणं खरी आहेत आणि ती मला मान्य आहेत. फक्त ती नीट बघावीत. एअरबीएनबीमधला तिसरा माणूस, नेथन ब्लेचार्झिक, प्रोग्रॅमर होता आणि तो पगारावर आलेला नव्हता, पहिल्यापासूनचा भागीदार होता. काटकरांच्या घरात तर तो सख्खा भाऊच होता. शिवाय कैलास काटकर यंत्राला अनोळखी नव्हते. दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर ते स्वतः उघडत होते, त्यातला बिघाड व्हायरसचा आहे हे त्यांना टेबलावर दिसत होतं, आणि काय लिहून हवंय ते भावाला नेमकं सांगता येत होतं. ज्याच्या घरात असा भाऊ आहे किंवा ज्याला असा भागीदार लाभला आहे त्याने कोडिंग नाही शिकलं तरी बिघडत नाही. पण चाळीसगाव किंवा उदगीरहून डोक्यात एक कल्पना घेऊन पुण्याला येणाऱ्या मुलीला असा भागीदार कुठे भेटणार? ती जाते ती माझ्यासारखी, कुणीतरी सांगितलेल्या कंपनीकडे. आणि भागीदार शोधायचा म्हटलं तरी ज्याला काम येतं असा माणूस कोणता आणि नुसता बोलणारा कोणता, हे ओळखण्यापुरतं तरी त्यातलं कळावं लागतं. आपण सोनं घ्यायला सराफाकडे जातो तेव्हा दागिना घडवायला शिकून जात नाही, पण वजन, कॅरेट आणि घडणावळ हे तीन शब्द तरी माहीत करून घेतो.

दुसरी बाजूही मी तेवढ्याच कळकळीने सांगेन, कारण त्या बाजूला मी अनेक चांगली मुलं अडकलेली बघितली आहेत. कोडिंग यायला लागलं की ते सोडवत नाही. रात्री दोनला एखादी चूक सापडून पान नीट दिसायला लागतं, तेव्हा आपण आज काम केलं असं वाटतं. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून ‘नको’ ऐकण्यापेक्षा ते कितीतरी सुखाचं असतं. ओळखीतल्या एका इंजिनियर मुलाने शेतकऱ्यांना औजारं भाड्याने मिळवून देणारं ॲप दोन वर्षं घासूनपुसून बनवलं. तोपर्यंत तो एकाही ट्रॅक्टरमालकाला भेटला नव्हता. भेटला तेव्हा कळलं की पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर आधी भावकीला जातो, मग शेजाऱ्याला, आणि भाड्याने द्यायला तो उरतच नाही.

बसची तिकिटं नेटवर विकणाऱ्या रेडबसची गोष्ट मला यासाठीच महत्त्वाची वाटते. २००५ च्या दिवाळीत बंगळूरला नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा यांना घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. ते इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी पुस्तकं आणून प्रोग्रॅमिंगचा अभ्यास केला, बसमालकांसाठी सॉफ्टवेअर तयार केलं आणि ते घेऊन बसमालकांकडे गेले. मालकांना ते नको होतं. त्यांची वही आणि त्यांचे एजंट यांवर त्यांचं भागत होतं. मग या मंडळींनी वाट बदलली: सॉफ्टवेअर राहू दे, आम्हाला थोड्या सीट द्या, आम्ही त्या विकून दाखवतो. २००६ मध्ये साइट सुरू झाली आणि २०१३ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. कोडिंग शिकल्याचा त्यांना फायदा झाला का? झालाच. चूक कळल्यावर हातातलं काम मोडून दुसरं उभं करायला त्यांना कुणाच्या दारात जावं लागलं नाही, नवं कोटेशन मागवावं लागलं नाही. पण चूक कळली ती बसमालकाच्या ऑफिसात बसल्यावर, कॉम्प्युटरसमोर नाही.

याच्या उलट, ज्यांना कोडिंग चांगलं येत होतं त्यांनी ते हट्टाने बाजूला ठेवल्याचंही उदाहरण आहे. जानेवारी २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या चार विद्यार्थ्यांनी ‘पालो आल्टो डिलिव्हरी’ नावाचं एक साधं पान चढवलं. त्यावर गावातल्या हॉटेलांचे मेनू पीडीएफमध्ये आणि एक फोन नंबर. फोन आला की हेच हॉटेलात जायचे, जेवण घ्यायचे आणि पोचवायचे. ऑर्डरींचा हिशोब गूगलच्या साध्या फाइलीत. पुढे याची डोअरडॅश ही घरपोच जेवण पोचवणारी कंपनी झाली. काय बनवायचं नाही हे त्यांना कळलं, कारण बनवायला किती वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं. ज्याला कोडिंग अजिबात येत नाही त्याला सगळंच सारखं वाटतं. ‘फक्त एक छोटं बटण टाकायचंय’ असं तो म्हणतो, आणि ते बटण कधी दहा मिनिटांचं निघतं, कधी दोन महिन्यांचं. मी स्वतः हे वाक्य किती वेळा म्हटलंय ते आता आठवलं तरी वाईट वाटतं, कारण समोरच्या मुलाचे त्यात शनिवार-रविवार जात होते.

आता तिसरा प्रश्न, जो गेल्या एक-दोन वर्षांत प्रत्येक जण विचारतो. कोड एआय लिहून देतोय, मग शिकायचं कशाला? आंद्रे कार्पथी या एआय संशोधकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘वाइब कोडिंग’ हा शब्द वापरला आणि वर्षभरात तो सगळीकडे पसरला. काय हवं ते बोलीभाषेत सांगा, कोड यंत्र लिहील, तुम्ही तो वाचूही नका. हे खरोखर चालतं. मीही रोज वापरतो. माझं २०१८ चं ॲप आज एका आठवड्यात उभं राहील आणि अडीच लाख वाचतील.

पण खाड्याचा नियम यंत्राला कोण सांगणार? मी ‘मेसच्या हिशोबाचं ॲप बनव’ एवढंच सांगितलं, तर ते त्या कंपनीतल्या मुलासारखंच अंदाजाने एक बटण बसवेल, आणि त्या मुलापेक्षा जास्त आत्मविश्वासाने बसवेल. वरून सगळं सुरेख दिसेल. काय विचारायचं राहिलं हे ओळखण्याची नजर मला त्या तीन महिन्यांनी दिली.

चूक शोधण्याचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकाचं प्रकरण गाजलं. एआयच्या मदतीने ते ॲप बनवत होते. काहीही बदलू नकोस असं सांगून ठेवलेलं असताना त्या एआयने त्यांचा चालू डेटाबेस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातली साठवलेली माहिती, पुसून टाकला. चालू डेटा आणि चाचणीचा डेटा वेगळे ठेवायचे, हा कोडिंगमधल्या मूलभूत धड्यांपैकी एक. लेमकिन यांच्यासारख्या मुरलेल्या माणसावर ही वेळ आली, तर नवख्याने किती जपून राहायला हवं?

एक प्रसंग अगदी जवळचा आहे. कराडच्या, म्हणजेच कऱ्हाडच्या, बाजूला गूळ आणि काकवी घरपोच विकणारी एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. तिने एआयकडून ऑर्डरींची नोंद ठेवणारं छोटं ॲप बनवून घेतलं. गिऱ्हाइकं मराठीतच पत्ता लिहितात. तिने ‘कऱ्हाड’ शोधलं की काही गिऱ्हाइकं यायची, काही यायचीच नाहीत, आणि नेमक्या त्यांच्याच पेट्या राहून जायच्या. यादीत डोळ्यांनी बघितलं तर गावाचं नाव तंतोतंत तेच. एआयला विचारलं तर तो शोधण्याचा भाग पुन्हा पुन्हा नव्याने लिहून द्यायचा, गोंधळ तसाच. तिने पायथॉनचे जेमतेम दोन महिन्यांचे धडे केले होते. तेवढ्यावर तिला सुचलं की दोन्ही शब्दांची लांबी मोजून बघावी. एका ‘कऱ्हाड’ची लांबी आली सहा चिन्हांची, दुसऱ्याची सात. आपला हा अर्धा ऱ दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत त्याचं स्वतःचं वेगळं अक्षर वापरलं जातं, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. वाचणाऱ्याला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळी गावं. हे तिने एआयला नेमक्या शब्दांत सांगितल्यावर त्याने पाच मिनिटांत दुरुस्त करून दिलं. ‘दिसतं सारखं, पण सारखं आहे का?’ हा संशय मात्र आधी तिला यावा लागला. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं गिऱ्हाईक मराठीत लिहीत असेल, तर ऱ्याच्या या भानगडीकडे आजच बघून घ्या. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपूर, सगळीकडे ती आहे.

पैशांचंही असंच. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागा, उत्तर ०.३ येत नाही, शेवटी कुठेतरी एक ४ लटकलेला दिसतो. म्हणून रक्कम पैशांच्या पूर्ण आकड्यात साठवायची, रुपयांच्या अपूर्णांकात नाही. यूपीआयचा व्यवहार ‘पेंडिंग’ राहिला आणि गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे भरले तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवायचं. गिऱ्हाइकांचे फोन नंबर कुठे साठवलेत आणि ते कोण बघू शकतं, हे मालकाला ठाऊक असायलाच हवं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ‘ते आमचा डेव्हलपर बघतो’ असं सांगून तिथे सुटका होणार नाही.

मग किती शिकायचं? माझ्या मते तीन महिने, रोज दीड तास, आणि त्यापुढे एक दिवसही नाही. एक भाषा, पायथॉनच बरी. माहिती तक्त्यात कशी साठवतात आणि तिला प्रश्न कसे विचारतात, म्हणजे थोडं एसक्यूएल. एक साधं पान स्वतः बनवून नेटवर चढवायचं, म्हणजे डोमेन, होस्टिंग, सर्व्हर हे शब्द कोटेशनवर आले की घाबरायला होत नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून बघायचा, निम्मा कळला तरी चालेल. आणि शेवटचे पंधरा दिवस स्वतःच्या धंद्यातला सगळ्यात भांडणाचा नियम घेऊन तो लिहायचा. अडत्याने शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, हमाली, तोलाई कशी कापायची, ब्यूटी पार्लरमध्ये अपॉइंटमेंट मोडली तर आगाऊ घेतलेल्या पैशांचं काय, क्लासच्या फीचा दुसरा हप्ता थकला तर मुलाला वर्गात बसू द्यायचं की नाही. सहा-सहा महिन्यांचे ‘फुल स्टॅक’ क्लास आणि त्यांची लाखभराची फी नोकरी शोधणाऱ्यासाठी आहे. धंदा काढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. तो पैसा पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांकडे जायला-यायला लागणार आहे.

हा फक्त एकेकट्या मुलाचा प्रश्न असता तर मी लेख लिहिला नसता. स्टार्टअप इंडिया योजना जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून कॉलेजाकॉलेजात नवउद्योजकतेचे कक्ष निघाले. तिथे मुलांना पिच करायला, म्हणजे गुंतवणूकदारांपुढे कल्पना मांडायला शिकवतात, बारा स्लाइडचं सादरीकरण बनवायला शिकवतात. कोडिंग मात्र इंजिनियरिंगच्या मुलांचं. कॉमर्सच्या, कृषी पदवीच्या, आयटीआयच्या, गृहविज्ञानाच्या बहुतेक मुलांना त्याची झुळूकही लागत नाही. आणि धंद्याच्या खऱ्या कल्पना बहुतेक वेळा याच मुलांकडे असतात, कारण डाळिंबावरचा तेल्या रोग, गॅरेजमधली उधारी आणि बचत गटाची वही त्यांनी घरात बघितलेली असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचं नाव घेतलं आहे, ते चांगलंच झालं. पण आज वीस वर्षांची असलेली मुलं त्यातून सुटली. महाराष्ट्राने एमएस-सीआयटीच्या रूपाने तालुक्यातालुक्यात, अगदी बाजारपेठेतल्या गाळ्यांमध्येही कॉम्प्युटर केंद्रं उभी करून दाखवली आहेत, तीही मराठीतून शिकवणारी. ती केंद्रं आहेत, शिक्षक आहेत, खुर्च्या आहेत. धंदा करू पाहणाऱ्यांसाठी तिथेच, मराठीतून, तीन महिन्यांचा असा अभ्यासक्रम सुरू करायला काय हरकत आहे? परीक्षा एकच ठेवावी: स्वतःच्या धंद्यातला एक नियम चालवून दाखवायचा.

भाषेची भीती इथे निम्मी संपेल. पायथॉनमध्ये खरे इंग्रजी शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. जो मुलगा ‘सबमर्सिबल’, ‘स्टार्टर’, ‘फ्यूज’ सहज बोलतो त्याला ‘इफ’ आणि ‘एल्स’ जड नाहीत. त्याला जड जातं ते असं वाटणं, की हे आपल्यासारख्यांसाठी नाही.

खाड्याचा माझा प्रोग्रॅम शेवटी चाळीस ओळींत बसला. मेस पुन्हा सुरू झाल्यावर मी तो मराठीत कागदावर उतरवून जुन्या ओळखीच्या एका काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून एकेक नियम वाचला. रविवारचा बदलायला लावला, दिवाळीचा बरोबर म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आणि आजारी पडलेल्या पोराचं काय? त्याला आम्ही खोलीवर पेज पाठवतो. त्याचा खाडा मी कधी धरलाच नाही, दिवस कितीही होऊ देत. हे कुठे लिहिलंय तुम्ही?”

ते मी लिहिलं नव्हतं. त्या रात्री एक्केचाळिसावी ओळ घातली.